उपाशी ठेवलेलं झाड

म्हातारीची नवऱ्याविषयी पहिली तक्रार अशी, की डायलिसिसच्या खाटेवर दंडात दोन सुया खुपसून पडलेला असतानाही हा माणूस शेजारच्या खाटेवरच्याला टोमॅटोची खतं सांगायचा. बोरॉन किती, जस्त किती, फुलं धरली की नत्राला हात का आखडता घ्यायचा. तो बिचारा डोळे मिटून निपचित, पुढच्या खेपेला दिसेल न दिसेल, आणि यांचं आपलं चालूच.

"अहो, त्याला शांतपणे मरू तरी द्या," ती एकदा सगळ्यांदेखत म्हणाली.

नर्स तोंडावर हात धरून हसली. नवरा हसला नाही. "शेंड्याकडची पानं पिवळी पडली म्हणत होता तो," तो म्हणाला. "लोह कमी पडत असणार."

चाळीस वर्षं त्याने एका दवाखान्यात कंपाउंडरकी केली होती. पुड्या बांधून बांधून त्याची बोटं अशी झाली होती, की जेवताना मीठसुद्धा तो मोजून घेतल्यासारखं घ्यायचा. निवृत्त झाला तेव्हा दवाखान्याने शाल देऊ केली. याने तिच्याऐवजी पितळी तराजू मागून आणला. गच्चीवर सात पिंपांत सात टोमॅटो. दर आठवड्याला हा मांडी घालून बसायचा, नत्र, स्फुरद, पोटॅश वेगवेगळं तोलायचा, फळाचं बूड काळं पडू नये म्हणून कॅल्शियम, आणि बोरॉन तर चिमटीच्याही चिमटीएवढं. "हे कमी पडलं तर फूल गळतं, जास्त झालं तर झाड जळतं," असं तो म्हणायचा. म्हातारीची शाळा चौथीत सुटली होती, पण ऐकून ऐकून तिलाही पान बघून झाडाचं दुखणं कळायला लागलं होतं. ती हे कबूल करत नसे. कबूल करण्याची तिला सवयच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या गेल्या. डॉक्टरने काय खायचं नाही त्याची यादी दिली. केळं पहिलं, टोमॅटो दुसरा. कारण पोटॅशियम. किडनी चालत नाही तर ते अंगाबाहेर पडत नाही, रक्तात साठतं, आणि मग हृदय बसतं.

"म्हणजे आमच्या गच्चीवर डब्यात पोटॅश भरून ठेवलंय तेच," म्हातारी म्हणाली. डॉक्टरने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

घरी येऊन तिने पदर खोचला आणि गच्चीची वाट धरली. नवरा जिन्यात आडवा उभा. "झाडं उपटलीस तर सुईला हात देणार नाही. खाणार नाही मी, शब्द देतो. करू तरी दे." त्या शब्दावर झाडं वाचली. फळं मुलगा आणि सून खायचे, उरलेली शेजारी जायची.

या वर्षी कोपऱ्यातलं सातवं झाड बिघडलं. खालच्या पानांच्या कडा विडी टेकवल्यासारख्या करपल्या. फळं धरली तीही अर्धी लाल, अर्धी पिवळट.

"पोटॅश विसरलात का हो याचं?" तिने विचारलं.

"मी विसरत नसतो."

"मग कडा का जळल्यात?"

"त्याला हात लावू नकोस," एवढंच म्हणून तो खाली गेला.

ती तिथेच उभी राहिली. महिन्याभरापूर्वी त्याने सदऱ्याची गुंडी वरखाली लावली होती. परवा गोळी घेतली का, असं दोनदा विचारलं होतं. आता हे. ज्या माणसाची पुडी चाळीस वर्षांत चुकली नाही, त्याला तोंडावर कोण सांगणार की बाबा, तुझं डोकं दगा द्यायला लागलंय? तिच्या जिभेला हाड नव्हतं असं सगळे म्हणत, पण ही एक गोष्ट त्या जिभेवर आली नाही.

मग तिने आपल्या पद्धतीने ते झाकलं. नवरा मुलाबरोबर मशीनवर गेला, की ती डबा उघडायची, चमचाभर पोटॅश बादलीत विरघळवायची आणि कोपऱ्यातल्या झाडाच्या बुडाशी ओतायची. तराजू तिला जमत नव्हता, अंदाज जमत होता. पुढच्या आठवड्याला वर आणखी अर्धा चमचा, उपाशी लेकराला वाढावं तसं. नवी पालवी निरोगी आली. फळं एकसारखी लाल झाली.

"बघ, सरावलं की नाही?" नवरा त्या झाडापाशी उभा राहून म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. कशाला सरावलं, हे तिने विचारलं नाही. मनातल्या मनात म्हणाली, सरावलं म्हणे. माझा चमचा आहे तो.

त्यानंतर रोज दोन-दोन फळं कमी व्हायला लागली, तीही कोपऱ्यातल्याच झाडाची. म्हातारीने आधी पाखरांना शिव्या घातल्या, मग सुनेला धारेवर धरलं.

"टोपलीतलं पोटभर असताना झाडावरचं चोरून खायला काय झालंय तुला?"

"मी नाही खाल्ले, आई."

"मग काय भुताने खाल्ले?"

सून गप्प राहिली. म्हातारीला वाटलं, गप्प म्हणजे कबूल.

एका दुपारी चहा घेऊन ती वर गेली तर नवरा सातव्या पिंपाला टेकून बसलेला. उठा म्हटलं तर पाय उचलेनात, जणू त्यांतली हाडं कोणी काढून नेली होती. हनुवटीवर टोमॅटोचा रस आणि दोन बिया. मांडीवर कागदाच्या पुडीत मीठ, घड्या अगदी दवाखान्यातल्यासारख्या. तिने पेला खाली ठेवला आणि जिन्यातून मुलाला हाक मारली.

इस्पितळाच्या दारातच त्याचं हृदय थांबलं. त्यांनी ते परत चालू केलं, बरगड्या मोडून. डॉक्टर म्हणाला, फार दिवस ओढणार नाही. मशीनचा ताणही आता सोसेल असं वाटत नाही.

बाकावर सून बसली होती. म्हातारी तिच्या शेजारी टेकली.

"टोमॅटो तू नेले नव्हतेस."

"माहीत आहे, आई."

"मग भांडली का नाहीस?"

"तुमच्याशी?" सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने डोळे उघडले. आवाज कागदासारखा. "कोपऱ्यातल्या झाडाला मी पोटॅश दिलंच नव्हतं. रोप लावल्यापासून कणसुद्धा नाही. माझ्यापुरतं एक झाड... बिनपोटॅशचं. मग फळात आलं कुठून?"

तेव्हा तिला सगळं एकदम दिसलं: करपलेल्या कडा, 'हात लावू नकोस', उजळलेला चेहरा. गप्प राहता आलं असतं. कोणाला कळणार होतं?

"मी घातलं," ती म्हणाली. "दर आठवड्याला. मला वाटलं तुम्ही विसरलात."

तो तिच्यावर चिडला नाही. त्याच्या डोळ्यांत समाधान आलं. "म्हणजे," तो म्हणाला, "माझा हिशेब चुकला नव्हता."

ती उठून बाहेर गेली. डॉक्टरला बोळकांडीत अडवून तिने एकच प्रश्न विचारला आणि उत्तर पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग परत येऊन खाटेशी उभी राहिली. बसली नाही.

"ऐका, कंपाउंडर. डॉक्टर म्हणतो, झाड उपाशी ठेवलं तरी मातीतलं ओढून फळात ते येतंच. थोडं कमी. बिनपोटॅशचा टोमॅटो या जगात नाही, आणि तुम्ही दिवसाला दोन-दोन खात होता. माझा चमचा मी नाकारत नाही. जगेन तोवर तो माझ्या हाताला चिकटलेला राहील. पण मी घातलं ते झाड उपाशी दिसलं म्हणून. तुम्ही खाल्लंत ते डॉक्टरपेक्षा शहाणं ठरायचं होतं म्हणून. जीभ आवरत नाही असं एकदा म्हणाला असतात, तर एक फोड मीच भरवली असती आणि उरलेलं लपवलं असतं. तुम्ही मला सांगितलं नाहीत, मी तुम्हाला विचारलं नाही. आपण दोघांनी मिळून तुम्हाला मारलंय. आणि त्यात मोठा वाटा तुमचा."