तेवढा पट्टा

चूक माझीच. नांदेडच्या आनंदराजकाकांना दिसत नाही, म्हणून पडले तरी लागू नये असं बघून त्यांच्या लेकीनं घरात कॉर्कची मऊ फरशी बसवली होती. ती घासून पॉलिश करायला मी गेलो, तेव्हा काका म्हणाले, "नरसिंग, तेवढा पट्टा राहू दे."

माझ्या घासायच्या मशीनला सँडपेपरचा पट्टा असतो. तो बदलू नको म्हणतात असं मला वाटलं आणि टाळकंच सटकलं. वीस वर्षं हेच काम करून राहिलो, अन् मला शिकवतात! मुद्दाम नवे पट्टे चढवून अख्खी फरशी आरशासारखी केली. पलंगापासून संडासापर्यंत पावलांनी पॉलिश उडून खडबडीत झालेली एक वाट होती, तीही गेली.

पॉलिशचा वास जाईपर्यंत काका लेकीकडं राहिले. ते परत आले तेव्हा मी फरशी दाखवायला थांबलो होतो. पलंगावरून उठले, अनवाणी चार पावलं चालले आणि मधेच थांबून तळव्यानं जमीन चाचपू लागले.

"पायाखालचा पट्टा सापडंना रे," ते म्हणाले. "संडास कुणीकडं हाय?"

मी नुसताच हात पुढं केला. तो त्यांना दिसणार नव्हता.