आठ इमारतींची एक गाडी

मित्रांनो, कुठून सुरुवात करावी हे मला नीट कळत नाही. माझी ओळख काही फार मोठी नाही. सेऊल शहराच्या उत्तरेकडच्या एका वसाहतीत घरोघर सामान पोचवणारी मी एक जुनी गाडी. चार चाके, मागे ढकलायला दांडा, वर जाळीचा पिंजरा आणि खाली चढावर जरासा जोर देणारी छोटी मोटर, एवढीच मी. माझ्यापेक्षा जास्त जग पाहिलेल्या वस्तू पुष्कळ असतील. पण मी जे पाहिले ते दुसरे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म सेऊलजवळच्या इंचॉन शहरातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. दांडा किती उंच ठेवायचा ते कागदावर लिहून आले होते, पण मालकाने त्या कागदाकडे फारसे पाहिले नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याने आपल्या आईला बोलावून घेतले, तिला माझ्यामागे उभे केले आणि तिचे कोपर जिथे आले तिथे खडूने खूण केली. माझ्या मापाचा सदरा कधी आणला नाहीस, गाडी मात्र बनवलीस, असे म्हणून ती म्हातारी हसली. मग मला निळा रंग मिळाला.

आमच्या वसाहतीत आठ इमारती आहेत, प्रत्येक पंधरा मजल्यांची. तिथली माणसे तांदूळ, मुळे, मुलांच्या चपला, कुत्र्याचे खाणे, सगळे घरबसल्या मागवतात. मी येण्यापूर्वी पाच कंपन्यांचे पाच ट्रक रोज यायचे आणि प्रत्येक ट्रक प्रत्येक इमारतीपाशी थांबायचा. चालक उतरताना इंजिन बंद करत नसत, कारण ते पुन्हा चालू करण्याइतकाही वेळ त्यांच्यापाशी नसे. तळमजल्यावरच्या काचा काळ्या पडत. एकदा दोन ट्रकांच्या मागे रुग्णवाहिका अडकली आणि आजारी माणसाला चादरीत घालून फाटकापर्यंत उचलून न्यावे लागले. त्यानंतर रहिवाशांनी सभा घेतली.

सभेत ठरले ते असे. ट्रकांनी आत यायचे नाही. फाटकाजवळच्या खोलीत सामान उतरवायचे आणि वसाहतीतल्याच म्हाताऱ्या माणसांनी ते गाडीवरून दारोदार पोचवायचे. ज्याला हे नको असेल त्याने मोबाईलवर तसे कळवायचे, मग त्याचे सामान ट्रकनेच दारात येईल. आणि दर मार्चमध्ये मोजणी व्हायची. निम्म्याहून जास्त घरे खोलीतून सामान घेत असतील तर खोली चालू राहील, नाही तर बंद.

माझ्या दांड्याला पहिला हात लागला तो मालसून आजींचा. तेव्हा त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. एका शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षे सहाशे मुलांचे सूप ढवळून त्यांचे दंड अजून घट्ट होते. नोकरी संपल्यावर त्या तळमजल्यावरच्या एका खोलीत एकट्या राहत. मुलगा दूर दक्षिणेला बंदरावर कामाला. त्या खोलीत त्यांनी एक हिवाळा असा काढला होता की पंधरा-पंधरा दिवस त्यांच्याशी कोणी बोलत नसे. एकदा तोफू आणायला दुकानात गेल्या तर घशातून शब्दच निघेना. तसा हिवाळा पुन्हा यायला नको, एवढेच त्यांना या कामाकडून हवे होते. माझ्याबरोबर त्या दिवसाला चाळीस दारे वाजवत, आणि चाळीस दारांतून कोणी ना कोणी त्यांच्याशी दोन शब्द बोले.

त्यांच्या जोडीला ताल्सू आजोबा होते. जन्मभर शहरातली बस चालवलेला माणूस, जीभ तिखट.

“बाई, जरा हळू. एवढ्या वेगात मी बस चालवली असती तर परवाना गेला असता.”

“तुमची बस वेळेवर आली होती कधी? थांब्यावर उभी राहूनच म्हातारी झाले मी.”

असे त्यांचे चाले. जेग्यू नावाचा एक ट्रकचालक सामान उतरवायला यायचा. पूर्वी तो भाताची गुंडाळी एका हातात आणि स्टिअरिंग दुसऱ्या हातात धरून जेवायचा. आता त्याचा वेळ वाचू लागला, तसा तो फाटकाजवळच्या खोलीत टेकून पुडीतली गोड कॉफी कागदी पेल्यातून प्यायला लागला. ट्रक बंद करून, बरे का. मला ती शांतता अजून आठवते. रस्त्यावर मुले बॅडमिंटन खेळू लागली. आमची बातमी करायला वर्तमानपत्रवाले आले तेव्हा आजींनी मला साबणाच्या पाण्याने धुतले आणि स्वतः नवी टोपी घातली. फोटोत मी पूर्ण आले, ताल्सू आजोबा अर्धेच आले. ते बरेच दिवस त्यावरून धुसफुसत होते.

अशी अडीच वर्षे गेली. मग नोव्हेंबरात किमची, म्हणजे कोबीचे तिखट लोणचे, घालायचे दिवस आले. मीठ लावलेल्या कोबीची वीस-वीस किलोंची खोकी माझ्यावर चढू लागली. एके दिवशी चौथ्या इमारतीची लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती आणि एक खोके अकराव्या मजल्यावर दाओन नावाच्या छोट्या मुलीच्या आईकडे जायचे होते. ते खाली ठेवून निरोप दिला असता तरी चालले असते. पण मीठ लावलेला कोबी त्याच दिवशी मसाल्यात कालवावा लागतो, आणि हे स्वयंपाकघरात जन्म गेलेल्या बाईला कोण सांगणार? आजींनी कोबी दोन पिशव्यांत भरला आणि दोन खेपांत, दर मजल्यावर टेकत, वर नेला.

वर काय झाले ते त्यांनीच नंतर ताल्सू आजोबांना सांगितले. दार उघडल्यावर दाओनची आई पांढरीफटक पडली. तिने आजींचे हात धरले, तीनदा वाकली, बार्लीचा गरम चहा दिला, खिशात संत्री कोंबली. माझ्या सासूबाईंना मी पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही आणि तुमच्याकडून हे काय करून घेतले, असे म्हणताना तिचे डोळे भरून आले. आजी खाली आल्या त्या खुशीत. अकरा मजले दोनदा चढले आणि गुडघ्याने एका शब्दाने तक्रार केली नाही, असे त्या सगळ्यांना सांगत होत्या.

त्याच संध्याकाळी दाओनच्या आईने मोबाईलवर कळवले, यापुढे सामान थेट ट्रकने दारात. आईच्या वयाच्या बाईकडून ओझे वाहवून घेणे आपल्याला बघवत नाही, असे तिने शेजाऱ्यांनाही लिहिले. आठवड्यात वीस घरांनी तसेच कळवले. मग पन्नास. मित्रांनो, त्यांनी आजींना हिडीसफिडीस केले असते तर मला निदान समजले असते. पण ती माणसे आजी दिसल्या की पूर्वीपेक्षा जास्त खाली वाकत होती, आणि माझा पिंजरा रोज थोडा थोडा रिकामा होत होता.

आजींना वाटले, आपलेच काही चुकते आहे. अंगाला वास येत असेल म्हणून त्यांनी साबण बदलला. घंटी हळू वाजवू लागल्या. शेवटी त्यांनी जेग्यूला गाठले. त्याने कागदी पेला खाली ठेवला आणि खरे कारण सांगितले. आजींना आधी हसूच आले. एवढेच ना, म्हणाल्या, मग सांगून टाकते.

फेब्रुवारीच्या सभेत सांगायचे असे ठरवून त्यांनी बोलणे पाठ केले. चढावर मला ढकलताना त्या पुटपुटत, “मला हे काम हवंय. जड सामान मागवा ट्रकने, पण हलकं मला द्या.” मी ते इतक्यांदा ऐकले की मलाच पाठ झाले.

सभेच्या दिवशी मला काचेच्या दाराबाहेर उभे केले होते. दार उघडेच राहिले होते. आजी पुढे जाऊन बोलणार, तेवढ्यात दाओनची आई उठली. तिच्या हातात लाल कापडात बांधलेले गाठोडे होते. सगळ्यांनी मिळून आजींसाठी उबदार आतले कपडे आणले होते. तिने ते दोन्ही हातांनी पुढे केले, तशी सभागृहातली सगळी माणसे उभी राहिली आणि त्यांनी माना लववल्या.

“आजी, या वयात आमच्यामुळे तुमच्या कमरेला त्रास झाला. आता कुठल्या तोंडाने आम्ही तुमच्याकडून सामान घ्यायचं? तुम्ही आराम करा.”

आजींनी गाठोडे दोन्ही हातांनी घेतले. मी वाट पाहत होते. पाठ केलेले बोलणे माझ्या पिंजऱ्यात घुमत होते.

“सुटले बाई,” आजी म्हणाल्या. “मी कधीची म्हणणार होते, आता झेपत नाही म्हणून.”

टाळ्या झाल्या. बाहेर आल्यावर ताल्सू आजोबा त्यांच्यावर उखडले. “एवढं घोकून आलात, आणि आत गेल्यावर तोंडात मिठाची गुळणी धरलीत?”

आजींनी गाठोडे माझ्या पिंजऱ्यात ठेवले.

“सगळे उभे होते हो,” त्या म्हणाल्या. “आपल्यासाठी उभ्या राहिलेल्या पोरांकडे काम कसं मागायचं?”

ताल्सू आजोबांनी माझा दांडा धरला आणि मला फाटकाकडे वळवले.

मार्चमध्ये मोजणी झाली आणि खोली बंद झाली. ताल्सू आजोबा मुलीकडे राहायला गेले. माझी बॅटरी कोणीतरी काढून नेली. मला कचऱ्याच्या शेडमागे लावले आहे, आणि माझ्या पिंजऱ्यात आता रिकामी खोकी दाबून भरतात. ट्रक परत आले आहेत, आता सहा. दाओन खोकते. तिच्या आईने खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली आहे. ती वाईट बाई नाही. काय कशामुळे झाले, हे तिला कधी कळेल असे मला वाटत नाही, आणि मला सांगता येत नाही.

सुरुवातीला आजी दुपारी माझ्याजवळच्या बाकावर येऊन बसत. मग एक दिवसाआड येऊ लागल्या. नंतर मी मोजणे सोडून दिले.

परवा त्यांच्या नावाचे एक पार्सल आले. मुलाने पाय दाबायचे यंत्र पाठवले होते. जेग्यू धावत गेला, खोके दारापाशी ठेवले, त्याचा फोटो काढला, घंटी दाबली आणि धावतच परत आला. इंजिन चालू होते. आजींना उठायला आता वेळ लागतो. त्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या हातात गोड कॉफीचा कागदी पेला होता, वाफ येत असलेला. ट्रक तोवर पुढच्या इमारतीपाशी पोचला होता. मग पेला खोक्यावर ठेवून त्यांनी ते पायाने ढकलत ढकलत आत घेतले.

मित्रांनो, माझ्यापाशी मोठी शिकवण नाही. आमच्या वसाहतीत आता काही बदलेल, अशी आशाही नाही. तुमच्याकडे बदलेल का, ते मला सांगता येत नाही. चार वस्तू चार दिवशी मागवण्याऐवजी एकाच दिवशी मागवता आल्या तर मागवा. आणि दारात सामान घेऊन कोणी म्हातारे माणूस आले, तर त्याला विश्रांती देण्याआधी ती हवी आहे का, एवढे विचारा. त्याने हो म्हटले तरी पुन्हा एकदा विचारा. सगळे खाली बसलेले असताना.