खोल बाजूची खुर्ची

"तुमचं चुकलं तर फक्त मार्क जातात, की खरंच कुणाचं काही जातं?"

प्रश्न माझा नव्हता. म्हणजे विचारला मीच, पण हिंमत असेल तर विचारून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणीने, चष्मिषने, लावली होती आणि मागच्या बाकावरच्या सगळ्यांनी तिला हवा दिली होती. शाळेने आम्हाला पोहण्याचा तलाव बघायला नेलं होतं. तिथे विद्यापीठातली मुलं छातीवर 'व्यवस्थापक' असे बिल्ले लावून उभी होती. बिझनेसच्या दुसऱ्या वर्षाला नुसती पुस्तकं घोकायची नाहीत, खराखुरा धंदा काही महिने चालवून बघायचा, असा त्यांना विषयच होता. मालकाने तलाव त्यांच्या हवाली केला होता. तिकिटाचे दर, माणसांच्या पाळ्या, खाण्याचं काउंटर, सगळं ही मुलं ठरवायची. आणि बिल्लेवाल्यांत सगळ्यात पुढे, केस चापून बसवलेला, माझा सख्खा दादा.

गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. यंदा पोहायला शिकले आणि काय झालं कोण जाणे, पाण्याबरोबर तोंडही मोकळं झालं. त्यामुळे विचारून टाकलं. सगळे हसले. दादाने आधी 'घरी ये, बघतो' अशा नजरेने बघितलं, मग गोड आवाजात सांगितलं की चुकत चुकत शिकणं हाच तर आमचा अभ्यास. बाईंनी कौतुकाने मान डोलावली. चष्मिषला माझं दप्तर बसपर्यंत वाहावं लागलं.

दादाच्या गटाने केलेली सुधारणा घरी जेवताना ऐकून ऐकून मला पाठ झाली होती. तलावाला दोन जीवरक्षक. एक उथळ बाजूला, दुसरा खोल बाजूच्या उंच खुर्चीत. यांनी घड्याळ लावून बघितलं की कोण किती वेळ काम करतं. उथळ बाजूचा सारखा शिट्टी फुंकायचा, पोरांवर ओरडायचा. खोल बाजूचा नुसता बसलेला. एकदासुद्धा पाण्यात उतरला नाही. मग दुपारी, गर्दी कमी असताना, त्याला काउंटरवर पाठवायचं ठरलं. खुर्ची रिकामी. मालक खूश. बाबा तर जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटले.

पुढच्या आठवड्यात मी आणि चष्मिष दुपारच्या वेळेला पोहायला गेलो. चष्मा काढला की तिला समोरचा हत्ती दिसणार नाही, पण हौस खोल बाजूची. घरून तिला तिकडे जायला बंदी होती, म्हणून तर जास्तच. मी काठ धरून पाय मारत होते. उथळ बाजूला एका पोराची हनुवटी फुटली, रक्त आलं, त्याची आई रडायला लागली, आणि जीवरक्षक त्याच्यावर वाकला. आमच्याकडे त्याची पाठ.

चष्मिष खोल बाजूच्या मधोमध होती, माझ्याकडे तोंड करून. मान मागे, केस डोळ्यांवर, हात पाण्याखाली हलत होते, जशी काही शिडी चढतेय. मला वाटलं नाटक. हिला मेल्याचं सोंग आणायची जुनी खोड. मी म्हटलं, "पुरे गं, काहीतरी नवीन कर."

तिचं तोंड पाण्याखाली गेलं, वर आलं, आणि तिने केस बाजूला केले नाहीत. डोळ्यांवर एक बट आली तरी ही वैतागते. ना हाक, ना पाण्याची फडफड. डोळ्यांसमोर माझी मैत्रीण बुडत होती आणि तलाव अगदी शांत होता.

मग ती वर आलीच नाही.

माझे हात काठ सोडेनात. मी किंचाळले, आणि मूर्खासारखी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून किंचाळले. काचेपलीकडे काउंटरवर कागदी पेले उडाले. दुसरा जीवरक्षक धावत आला आणि कपड्यांसकट पाण्यात शिरला. तिला फरशीवर आडवं केलं तेव्हा तिचे ओठ जांभळे होते. ती पाणी ओकली, खोकली, पुन्हा खोकली. इतका चांगला आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

डॉक्टरांनी तिला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. आपल्या आईला तिने नाकात पाणी गेलं म्हणून सांगितलं आणि माझ्याकडून गप्प राहायची शपथ घेतली. त्याआधी तलावावरच दादाने मला पंपाच्या खोलीमागे नेलं होतं. मागे कुणी नाही ना, ते त्याने दोनदा बघितलं.

"घरी बोलू नकोस," तो म्हणाला. "शुक्रवारी सादरीकरण आहे. मालक हीच पद्धत कायमची ठेवतोय, त्यावर आमचं अख्खं वर्ष आहे."

"आणि उद्या खुर्चीत कोण बसणार?"

"शुक्रवार होऊ दे. शेवटी काही झालं तर नाही ना?"

त्यानंतर मला बादलीतल्या पाण्याचीसुद्धा भीती वाटायला लागली. तोंड धुताना डोळे मिटायची हिंमत होईना. वर्गात चष्मिष गप्प वाचत बसली की मी तिला पेन टोचायचे. ती वैतागून शिव्या द्यायची, मग मला बरं वाटायचं.

गुरुवारी शाळा दुपारीच सुटली आणि पाय आपोआप तलावाकडे वळले. काचेतून बघितलं. खुर्ची रिकामीच. आणि खोल बाजूला तरंगायच्या फळ्या धरून लहान पोरं, पोहण्याच्या नवीन वर्गाची. शिकवणारा एका पोराचे पाय धरून दाखवत होता. मी डोकी बघत राहिले. एक खाली गेलं की आकडे मोजायचे, वर आलं की लगेच दुसरं शोधायचं. घरी उशीर होत होता, पण निघता येईना. मी गेले तर बघणार कोण? काच माझ्या श्वासाने धुरकट झाली की बाहीने पुसायची आणि पुन्हा डोकी. सगळी पोरं बाहेर येऊन टॉवेलात गुंडाळली गेली तेव्हा कुठे मी काचेपासून हलले. उद्या मी शाळेत असणार, आणि ही पोरं पुन्हा इथेच.

रात्री जेवताना बाबा दादाला म्हणाले की उद्याचं भाषण आमच्यासमोर एकदा म्हणून दाखव. आईने त्याच्यासाठी इस्त्रीचा सदरा खुर्चीवर टांगून ठेवला होता. दादाने माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे मला विनवत होते. मला रडूच येणार होतं, कारण दादा वाईट नाही, तोही घाबरलाय.

मी ताट बाजूला सरकवलं.

"आई, बाबा, उद्या मी शाळेत जाणार नाही. दादाच्या सादरीकरणाला जाणार आहे. गेल्या आठवड्यात चष्मिष खोल बाजूला बुडत होती आणि खुर्चीत कुणी नव्हतं. मालकासमोर हे दादाने सांगितलं, तर मी मागे गप्प बसेन. नाही सांगितलं, तर मी उभी राहणार."