चौथ्या डब्यामागं

एप्रिल सरत आला होता. बोरीच्या माळावर दुपारी साडेतीनला पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. नीलम ऑपरेटरच्या खोलीत स्क्रीनसमोर बसली होती. बाहेर खडी टाकलेल्या मैदानात सहा पांढरे डबे उभे होते, मालगाडीच्या डब्याएवढाले, आतून बॅटऱ्यांनी भरलेले. शेजारच्या सोलारची वीज दिवसभर त्यांत भरायची आणि दिवेलागणीला, घरोघर पंखे-दिवे एकदम चालू होतात तेव्हा, बाहेर सोडायची, एवढंच तिथलं काम.

ट्रेनिंगला आलेल्या साहेबांनी सांगितलं होतं, "देशात उन्हाची, वाऱ्याची वीज कितीही वाढवा. साठवायला जागा नसेल, तर सूर्य मावळल्यावर पुन्हा कोळसाच जाळावा लागतो." नीलमला ते फार पटलं होतं. परभणीला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून ती इथं लागली, तेव्हा तिचे वडील सटवाजी पारावर सांगत सुटले होते, "आमची पोरगी ऊन भरून ठेवती."

त्याच साहेबांनी एक व्हिडिओही दाखवला होता. कुठल्याशा परक्या मुलखात असाच एक डबा धुमसत होता, आणि कुणीतरी त्याचा दरवाजा उघडला. पुढचं नीलमनं पाहिलं नव्हतं. डोळे मिटले होते. आवाज मात्र ऐकला होता.

स्क्रीनवर चार नंबरची ओळ पिवळी झाली. त्या डब्याचा एसी बंद पडला होता. नीलमनं लगेच त्याचं चार्जिंग तोडलं. आता आतल्या तापमानाचा आकडा उतरायला हवा होता. उतरला नाही. एकावन्न, चोपन्न, एकसष्ट. तिनं पुण्याच्या कंट्रोल रूमला फोन लावला.

"चार्जिंग बंद केलंत?" पलीकडच्या माणसानं विचारलं.

"केलं, सर."

"मग अजून का वाढतंय?"

हे आपल्यालाच कसं विचारतात, असं तिच्या मनात आलं. पलीकडं कुणीतरी घाईनं बोललं. मग तोच माणूस म्हणाला, "मॅडम, सगळं बंद करून बाहेर पडा. माणसं घेऊन दीडशे मीटर लांब. दरवाजा कुणीही उघडायचा नाही. आत गॅस कोंडलाय, हवा लागली की उडेल. अग्निशमनला आम्ही कळवतो."

तिनं लाल बटण दाबलं आणि धावतच बाहेर आली. वॉचमन मुंजाजी किल्ल्यांचा जुडगा घेऊन चार नंबरकडंच निघाला होता. डब्याच्या फटीतून पांढरा धूर येत होता. तो वर जात नव्हता, खडीवर लोळत होता.

"मुंजाजीकाका, थांबा!"

"म्याडम, आत लय तापलंय. दार उघडतो, वाफ जाऊ द्या."

"उघडू नका! मरताल!"

तिचा आवाज असा फाटला की मुंजाजी जागीच थिजला. तिनं जुडगा त्याच्या हातातून ओढून घेतला, त्याचं मनगट धरलं आणि दोघं फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडच्या बांधापर्यंत पळाले. मुंजाजीला धाप लागली होती. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसता पुसता तो म्हणाला, "केसरबाई कुठं हाय?"

नीलमनं वळून चार नंबरकडं पाहिलं. केशरबाई गवत काढायला यायची. कानानं मंद होती. सकाळी नीलमनंच तिला सांगितलं होतं, "मावशे, दुपारी उन्हात बसू नको. चार नंबरच्या मागं सावली असती, तिकडचं काढ."

"मी जातो," मुंजाजी म्हणाला, पण उठताना त्याचे गुडघे वळेनात.

नीलम उभी होती. तिला तो आवाज ऐकू येत होता, जो अजून झालाच नव्हता. घरी आई आत्ता काय करत असेल, हे नेमकं त्या वेळी तिला दिसलं. दहा-बारा श्वास ती तशीच उभी राहिली. पुढं कित्येक दिवस ती हे श्वास मोजत राहणार होती. मग तिनं ओढणी तोंडावर घट्ट गुंडाळली आणि पळाली.

डब्याच्या मागं नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा गोडसर, झोंबरा वास होता. धूर गुडघ्याएवढा साचला होता, आणि केशरबाई त्यातच बसली होती, विळा हातात, मान एका बाजूला कललेली. आतून काहीतरी फुटत होतं, टप्, टप्, लाह्यांसारखं.

"मावशे! ऊठ!"

म्हातारीनं डोळे उघडले. "गरगरायलंय गं, पोरी."

नीलमनं तिच्या काखेत हात घातले आणि उलट्या पावली ओढायला सुरुवात केली. केशरबाईच्या टाचा खडीत घासत होत्या. एक डबा ओलांडला, दुसरा ओलांडला. वजन हातातून निसटत होतं. फाटकाशी मुंजाजी लंगडत आला, त्यानं पाय धरले, आणि तिघं रस्त्यापलीकडं बांधाच्या खाली जाऊन पडले.

तेवढ्यात तो आवाज झाला. जमीन हलली, कानात नुसती शीळ उरली. नीलमनं डोकं वर केलं तेव्हा चार नंबरचा दरवाजा केशरबाईनं काढलेल्या गवताच्या भाऱ्यापलीकडं कुंपणात जाऊन अडकला होता आणि डब्यातून ज्वाळा निघत होत्या.

जिंतूरहून बंब यायला पाऊण तास लागला. नीलमनं पुढं होऊन सांगितलं, "जळतोय त्याच्या जवळ जाऊ नका. शेजारच्या डब्यांवर पाणी मारा, ते तापले नाही पाहिजेत." बंबवाल्यांनी ऐकलं. डबा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जळत राहिला. बाकीचे पाच वाचले.

केशरबाई चार दिवस दवाखान्यात खोकत होती. मग घरी आली आणि तिनं निरोप धाडला, "मी आता तिकडं न्हाई यायची. तू बी जाऊ नको." सटवाजीही तेच म्हणाले. पण उरलेले डबेही बंद ठेवले होते, आणि रोज दिवे लागायच्या वेळी वीज जायला लागली होती. लोक फाटकाशी येऊन एकच विचारायचे, "डबे कधी चालू व्हायलेत?"

सतराव्या दिवशी पाच डबे चालू करायचे ठरले. तज्ज्ञ येऊन गेले होते, नवे एसी बसले होते. नीलम गेली. आधी ती प्रत्येक डब्यामागं फिरून आली, मोठ्यानं हाका मारत, कुणी आहे का, कुणी आहे का. मग खोलीत येऊन तिनं चार्जिंग सुरू केलं. आकडे हिरवे होते.

दुपारी दोनच्या सुमाराला दोन नंबरचा एसी क्षणभर थांबला आणि पुन्हा आपोआप सुरू झाला. तेवढ्यात नीलम खुर्चीवरून उठून फाटकापर्यंत पोचलीही होती. मुंजाजी तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं फाटक उघडून धरलं. ती तिथं थोडा वेळ उभी राहिली, आणि मग परत आत गेली.