जीभ नावाची माझी सवत

मी पाटी. दगडाची, हातभर लांब, लाकडी चौकटीत बसवलेली. 'मी बोलतेय' असं म्हणायची माझी मुळीच इच्छा नाही. बोलणं हे तिचं काम, आणि तिचं नुसतं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. ती म्हणजे जीभ. माणसांच्या तोंडात, दातांच्या आड बसलेली असते ना, तीच. बोटभर लांबी, अंगात हाड नाही, तरी सगळं जग तिच्या तालावर नाचतं. मला तिचा हेवा वाटतो. हो, वाटतो! लपवून काय करू?

माझं घराणं काही लेचंपेचं नाही. मी खाणीतल्या दगडाची. या सुतारकामाच्या कारखान्यात मला आणलं ते इथल्या दोन भावांच्या वडिलांनी. उरलेल्या फळीची चौकट त्यांनीच केली आणि दाराजवळच्या भिंतीवर मला टांगलं. दारा-खिडक्यांची मापं माझ्यावर लिहायची, एवढंच काम. वडील देवभोळे, रंधा मारतामारता मुलांना बायबलातल्या गोष्टी सांगायचे. देवानं आपल्या आज्ञा दगडी पाट्यांवर स्वतःच्या बोटानं लिहून दिल्या, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं. अशी काही फुगले म्हणता! म्हटलं, बघ गं जिभे, देवालासुद्धा आमच्याच घरचं लागलं.

पण तेच वडील दुसऱ्या दिवशी सांगत, की देवानं उजेड केला तो नुसता बोलून. 'होवो' म्हणाला आणि झाला. लिहिलंबिहिलं काही नाही. आणि प्रभूनं एकदाच काय ते बोटानं मातीत लिहिलं, एका बाईला दगड मारायला जमलेल्या माणसांसमोर. काय लिहिलं ते आजवर कुणाला ठाऊक नाही. त्या वेळी बोलला ते मात्र पोराटोरांना पाठ. माझ्या पोटात तेव्हापासून दुखतंय.

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी वडील दोन्ही मुलांचे हात आपल्या हातांत घेत आणि म्हणत, "प्रभू, या हातांना धर." एवढंच. मग करवत सुरू. ही प्रार्थना त्यांनी माझ्यावर कधी लिहिली नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

एके दिवशी भिंतीला उभ्या केलेल्या फळ्या कोसळल्या आणि वडील त्यांच्याखाली सापडले. चार दिवसांनी गेले. फळ्या धाकट्यानं लावल्या होत्या, दोरी घट्ट बांधूनच. ती दोरी वडिलांनी स्वतः सोडली होती, मधली एक फळी ओढून काढायला. थोरल्यानं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं. पण दफनाहून परतल्यावर थोरला कारखान्यात आला, धाकट्याच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाला, "तुझे हातच शापित आहेत. बाबांना तूच मारलंस."

धाकट्यानं हात पाठीमागे लपवले.

आणि माझी चांदी झाली! दोघांचं बोलणं बंद, त्यामुळे सगळा कारभार माझ्यावर. डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. "बिजागऱ्या संपल्या." "आणल्या." "खिडकीचं माप चुकलंय." "दुरुस्त केलं." अशी नऊ वर्षं गेली. वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, दुपारचा डबा घेऊन यायची आणि माझ्याकडे बघून तोंड सोडायची. "रविवारी देवळात एकाच बाकावर बसता. आम्ही क्षमा करतो तशी आम्हाला कर, असं एका सुरात म्हणता. आणि इथं येऊन या दगडावर खरडता! लाज कशी वाटत नाही रे तुम्हाला?" मला दगड म्हणाली. फार लागलं मला ते.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. धाकट्याचं अक्षर आधी छापल्यासारखं होतं. त्या दिवसापासून ते कापरं झालं. एकच माप तीन-तीनदा पुसून लिहायचा. फळ्या रचायची वेळ आली की काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचा. खडू टेकला की त्याच्या बोटांची थरथर मला कळायची. ती सटवी जीभ दोन वाक्यं बोलून मोकळी झाली होती आणि हा नऊ वर्षं ती वाक्यं हातात घेऊन फिरत होता. माझ्यावरचं ओल्या फडक्यानं पुसलं जातं, तिचं जात नाही. याचाही मला हेवा वाटला बघा. इतकं वाईट करायची ताकदसुद्धा माझ्यात नाही!

मग थोरल्याचा आवाज बसला. आज बरा होईल, उद्या बरा होईल, करत महिने गेले. डॉक्टरांनी घशातली गाठ दाखवली आणि सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. वहिनीनं कारखान्यात येऊन धाकट्याला हे सांगितलं तेव्हा त्याच्या हातातली करवत थांबली. आणि मी? मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. ती तोंडात राहील, पण मुकी. थोरला आता कायमचा माझा! अंगानं मी काळी आहेच, त्या दिवशी मनानंही होते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी थोरला सकाळी सगळ्यांच्या आधी आला. खडू उचलला. डावी-उजवी न बघता माझ्या मधोमध लिहिलं, "बाबा तुझ्यामुळे गेले नाहीत. मी खोटं बोललो."

अहाहा! ज्या वाक्यासाठी वहिनी नऊ वर्षं देवापुढे गुडघे टेकत होती, ते माझ्या अंगावर उमटलं होतं. म्हटलं, आता बोल गं बये, कोण मोठं?

थोरला दोन पावलं मागे सरकून ते वाचत राहिला. मग पुढे आला आणि बाहीनं सगळं पुसून टाकलं. अरे, नको रे पुसू! पण माझं कोण ऐकतंय?

"वार केला तोंडानं," तो घोगऱ्या आवाजात स्वतःशीच म्हणाला, "आणि माफी मागायची खडूनं?"

धाकटा आला. सवयीनं आधी माझ्याकडे बघितलं. मी कोरी. तो गोंधळला.

"इकडे ये," थोरला म्हणाला. नऊ वर्षांनी! आवाज कसला, लोखंडावर कानस घासावी तसा. "बाबा तुझ्यामुळे नाही गेले. दोरी त्यांनीच सोडली. मी बघत होतो. तेव्हाही मला माहीत होतं. माझं दुःख मला झेपेना, म्हणून तुझ्यावर टाकलं. चुकलो रे मी."

धाकट्यानं आपले तळहात उलटेसुलटे करून बघितले. मग म्हणाला, "दादा, माझी पोरगी आठ वर्षांची झाली. या हातांनी मी तिला एकदाही उचललेलं नाही. भीती वाटते."

थोरल्याचे डोळे भरून आले. "ज्या तोंडानं शाप दिला, त्याच तोंडानं तो मागे घ्यायचाय. उद्या हा आवाज नसेल. हात दे तुझे."

धाकट्यानं हात पाठीमागे घेतले. मला वाटलं, संपलं. मनातल्या मनात मी खूश झाले, हेही सांगून टाकते. पण मग ते हात हळूहळू पुढे आले. थोरल्यानं ते धरले.

"प्रभू, या हातांना..." आवाज फुटेचना. खाकरला, पुन्हा म्हणाला. "प्रभू, या हातांना धर."

धाकटा हमसून हमसून रडला. दुपारी त्यानं माझ्यावर एका दाराचं माप लिहिलं. अक्षर अगदी सरळ नव्हतं, पण त्यानं ते पुसलं नाही. एकदाच लिहिलं आणि लाकूड कापायला गेला. नऊ वर्षं मी त्याच्या हाताखाली होते, माझ्याच्यानं हे झालं नाही. तिनं चार शब्दांत केलं.

आता थोरला बरा होऊन कामावर येतो. मला भिंतीवरून उतरवलंय; त्याच्या बाकावर, हाताशी मी असते. दिवसभर माझ्यावर लिहितो, धाकटा तोंडानं उत्तरं देतो. मला हवं होतं ते सगळं मिळालं. पण परतल्यावर पहिल्याच सकाळी थोरल्यानं वडिलांची ती प्रार्थना माझ्यावर लिहून धाकट्यासमोर धरली, तेव्हा धाकट्यानं ती फडक्यानं पुसली. "दादा, हे लिहायचं नाही. मी म्हणतो, तू ओठ हलव."

तेव्हा तुम्हाला एक विनवणी. तुमच्याकडे ती आहे, आवाजासकट. कुणाला टोचून बोलायचं असेल तर मेहरबानी करून ते माझ्यासारखीवर लिहा आणि पाणी मारून पुसून टाका. मला काही होत नाही. पण चुकलो म्हणायचं असेल, कुणासाठी देवाजवळ काही मागायचं असेल, तर तिच्याकडेच जा. आणि आवाज आहे तोवर जा. हे सांगताना माझा किती जळफळाट होतोय, ते माझं मला माहीत.

रोज सकाळी दोघे भाऊ हात धरून उभे राहतात. एकाचा आवाज, दुसऱ्याचे नुसते ओठ. त्या वेळी मी बाकावर कोरी पडलेली असते. जळते अजून, खोटं कशाला बोलू? पण तेवढा वेळ अंगावर खडूची एक रेघही नको वाटते.