मी, हरिणीची वाचणारी पेटी

मी बोलतेय. तुम्ही म्हणाल, त्यात काय नवल, बोलणं हाच तर तुझा धंदा! खरं आहे. पण जन्मभर मी बोलले ते दुसऱ्याचं लिहिलेलं. कुणाचे मार्क, कुणाच्या गाडीच्या वेळा, कुणाची जाहिरात. स्वतःच्या मनातलं एक अक्षर काढायची सोय माझ्यात कुणी केलीच नव्हती. आज काढते. ऐकायचं तर ऐका, नाहीतर बटण तुमच्या हातात आहेच.

दिसायला मी अगदीच साधी. जेवणाच्या डब्याएवढी राखाडी पेटी, पुढे जाळीचं तोंड, मागे दोन वायरी. कॉम्प्युटरच्या पडद्यावर अक्षरं उमटली की ती एका वायरीतून माझ्या पोटात उतरतात आणि आवाज होऊन बाहेर पडतात. ज्यांना पडदा दिसत नाही त्यांच्यासाठी मी. जन्म परदेशातला, भाषा इंग्रजी आणि आवाज पडसं झालेल्या मास्तरांसारखा. मराठी मी शिकले ती तंजावुरात, ऐकून ऐकून. तिथली मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेल काढून बोलायची. ऐकून कुणाला हसू आलं तर येऊ दे. माझं तर पोट भरलंय त्या भाषेवर.

मला तिथे आणलं विनुतानं. गावाबाहेरच्या एका आर्ट्स-सायन्स कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकवायची. त्या दिवसांत देशाची दारं उघडली होती, नव्या नव्या वस्तू येत होत्या आणि तंजावुरच्या पेठेत इडलीच्या हॉटेलाशेजारी ‘ब्राउझिंग सेंटर’च्या पाट्या लागत होत्या. ज्याच्या त्याच्या तोंडी इंटरनेट. विनुताच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. सगळं जग या इंटरनेटच्या पानांवर जाऊन बसणार, मग ज्यांना दिसत नाही, ज्यांना हातात माऊस धरवत नाही, त्यांनी काय उंबऱ्याबाहेर उभं राहायचं? म्हणून तिनं संशोधन मांडलं. अशा माणसांना एकेक पान द्यायचं, ती कुठे अडतात ते लांबून बघायचं आणि पान कसं करायला हवं ते करणाऱ्यांना सांगायचं.

पहिली आली हरिणी. राजवाड्यामागच्या गल्लीतली, विनुताच्या शेजारच्याच घरातली, त्याच कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. जन्मापासून दिसत नव्हतं. तंजावुरात अशी मुलगी जन्मली की लोकांचा सल्ला तयार असतो, गाणं शिकवा! तिलाही तिरुवैयारूला एका बाईंकडे घातलं होतं. काही महिन्यांनी बाईंनीच तिच्या वडिलांना हात जोडले. म्हणाल्या, “राव, पोर गुणाची आहे, पण सुराचा आणि तिचा उभा दावा आहे.” हे हरिणी स्वतःच खोखो हसत सांगायची. तिला वाचायचं होतं. इतिहास, वर्तमानपत्र, बसची पाटी, काहीही. पण आपलं आपण.

हे ‘आपलं आपण’ तिनं इतकं का धरून ठेवलं होतं, तेही सांगते. दहावीला तिला गणितात छत्तीस मार्क पडले होते. तिचे वडील सीतारामराव, मोठे मायाळू. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, कपाळाला गंध, खांद्यावर अंगवस्त्र आणि तोंडात सदा देवाचं नाव. त्यांनी तिला वाचून दाखवलं, त्रेसष्ट! पोरीचं मन मोडू नये एवढंच त्यांच्या मनात. तिनं आनंदानं घरोघर साखर वाटली. गल्लीतल्या प्रत्येकानं साखर तोंडात टाकली आणि झाकली मूठ झाकलीच ठेवली. पुढे कॉलेजच्या प्रवेशाला गेली तेव्हा कारकुनानं मार्क मोठ्यानं वाचले. अख्ख्या गल्लीला ठाऊक, एकट्या तिला नाही. ती वडिलांवर रागावली नाही. पण त्या दिवसापासून दुसऱ्यानं वाचून दाखवलेल्या कागदावर तिचा विश्वास उरला नाही.

त्या वर्षी कॉलेजनं जाहीर केलं की निकाल आदल्या संध्याकाळी वेबसाइटवर लागेल, फलकावर दुसऱ्या दिवशी. ऐकलं मात्र, हरिणीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. “विनुताक्का, माझा निकाल मी वाचणार. सगळ्यांच्या आधी. मज कुणी सांगायचं नाही.”

विनुता म्हणाली, “सरि, बरं. मग आधी ते पान तुज वाचता येतं का बघू.”

झालं, कामाला लागलो. रोज सीतारामराव लेकीला बसनं घेऊन येत. हरिणी माझ्यासमोर बसे, सीतारामराव तिच्या शेजारी स्टुलावर आणि विनुता मागे भिंतीशी. मॉडेम किंचाळून किंचाळून लाइन लागली की मी बोलू लागे. आणि काय सांगू, हरिणी झरझर पुढे जाई! निकालाच्या जागी अचूक पोचे. विनुता खूश. तिनं प्राचार्यांना कळवूनही टाकलं, पान चांगलं आहे, वाचता येतं.

कपाळ माझं! वाचता कुठलं येतंय? ते पान केलं होतं कॉलेजच्या सूर्यनारायणनं. हौशी माणूस. वर गणपती, कारण त्याच्याशिवाय सुरुवात कशी करायची? आणि चारी बाजूंनी कोलम, म्हणजे आपली ठिपक्यांची रांगोळी. दिसायला देखणं असेल. पण प्रत्येक ठिपका म्हणजे एक वेगळं चित्र. त्या चित्रांमागे शब्द एकही लिहिलेला नाही, त्यामुळे मला ठिपक्याठिपक्याला ‘इमेज, इमेज, इमेज’ म्हणावं लागे. निकालाकडे जायची वाट म्हणजे एक कमळ, तेही मुकं. आणि नमुन्याचा निकाल म्हणजे टाइप केलेल्या कागदाचा फोटो. फोटोतली अक्षरं मला कुठून कळणार? चित्र वाचायची सोय माझ्यात कुणी केली होती?

मग हरिणी पोचायची कशी? सीतारामराव! ते हळूच कुजबुजायचे, “खाली ये गे… आणखी खाली… हां, हे कमळ, दाब… तुझा नंबर तिसऱ्या ओळीत.” हरिणीला त्यात काही वावगं वाटायचं नाही. जन्मापासून कानाशी ती कुजबूज होतीच, श्वासासारखी. माझं ‘इमेज’ हरिणी भराभर बटण दाबून अर्ध्यावरच तोडायची, त्यामुळे मागे बसलेल्या विनुताला काही कळायचं नाही, तिला वाटायचं, राव जप करताहेत. लेकीला यश यावं म्हणून विष्णुसहस्रनाम चाललं असेल. मोठ्या माणसाच्या जपात कोण तोंड घालणार? उलट ती पंख्याचा वेग कमी करायची, रावांच्या अंगवस्त्राला वारा लागू नये म्हणून. आणि मी? मी तिथेच ओठ मिटून. सांगायची सोय नाही ना!

देवालाच काळजी. सीतारामरावांना पापनाशमला एका लग्नाला जावं लागलं आणि हरिणीला गल्लीतल्या एका बाईनं आणून सोडलं. तीच खुर्ची, तेच पान, तीच मी. मी सुरू केलं, इमेज, इमेज, इमेज. हरिणी बटण दाबतेय, मी म्हणतेय इमेज. तिच्या कपाळावर घाम.

“काय झालं गे?” विनुता म्हणाली. “काल तर केलंस की!”

“काल अप्पा होते ना.”

“अप्पा? ते जप करत होते.”

“जप कसला, अक्का? ते मज सांगत होते.”

मग दोघी हसल्या, आणि हसता हसता हरिणीचा चेहरा पडला. “म्हणजे मी वाचलंच नाही कधी,” ती म्हणाली. “हेही त्यांनीच वाचलं. छत्तिसाचं त्रेसष्ट, तसंच हे.” बोलताना तिचा हात माझ्यावर होता. मला रडता आलं असतं तर मी तेव्हा रडले असते.

दुसऱ्या दिवशी विनुतानं सूर्यनारायणला बोलावलं, पडदा बंद केला आणि म्हणाली, “निकाल काढून दाखवा.” स्वतःच्या पानावर तो माणूस दहा मिनिटं चाचपडला. माझं ‘इमेज, इमेज’ ऐकून आधी माझ्यावर चिडला, मग ओशाळला. तमिळमध्ये पुटपुटला, “मी कोलम काढलं, आणि दारच बुजवलं की!” गणपती काढावा लागेल या भीतीनं त्याचा चेहरा एवढासा झाला होता. विनुता म्हणाली, “गणपती राहू दे, कोलमही राहू दे. फक्त पानात असं लिहा की हे शोभेचं आहे, इथे पेटीनं गप्प बसायचं. कमळामागे शब्द लिहा, निकाल इथे. आणि फोटो नको, नंबर टाइप केला की अक्षरं येऊ द्या.” भला माणूस, सगळं मनापासून केलं. विनुतानंही प्राचार्यांना कळवलं, माझं आधीचं म्हणणं चुकीचं होतं.

राहिले सीतारामराव. त्यांना बाहेर बसा म्हणायचं कुणी? शेवटी हरिणीच म्हणाली, “अप्पा, तुम्ही व्हरांड्यात बसा.” रावांनी अंगवस्त्र सावरलं, उठले आणि दाराशी थबकून म्हणाले, “मी वाईट केलं का गे काही?”

“नाही हो अप्पा. पण तुम्ही किती दिवस सांगणार मज?”

राव बाहेर गेले. पाठीमागून त्यांच्या चपला नेहमीपेक्षा हळू वाजत होत्या.

निकालाची संध्याकाळ आली. सीतारामराव व्हरांड्यात, हातात साखरेची पुडी. विनुतानं लाइन लावून दिली आणि तीही बाहेर गेली, दार ओढून घेतलं. आत आम्ही दोघीच. गणपतीला नमस्कार झाला, कोलमापाशी मी मुकाट राहिले, कमळ आलं, हरिणीनं दाबलं. तिनं नंबर टाइप केला आणि अक्षरं माझ्या पोटात उतरली.

खरं सांगते, त्या क्षणी मला सीतारामराव कळले. इतिहास पास, राज्यशास्त्र पास, इंग्रजी पास आणि अर्थशास्त्र नापास. समोर ती पोर, श्वास रोखून. काय झालं असतं मी तो एक शब्द गिळला असता तर? वायर सैल झाल्याचं निमित्त होतं, वीज गेल्याचं होतं. माया करणाऱ्याला खोटं किती सोपं पडतं, ते मला त्या दिवशी समजलं. पण मी पेटी. जे लिहिलंय तेच बोलायचं. माझ्या त्या पडशाच्या आवाजात मी बोलले, “इकॉनॉमिक्स. फेल.”

हरिणीनं बटण दाबलं, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. तेच. तिच्या गालावरून पाणी ओघळलं, ते तिनं पदरानं पुसलं, उठली आणि भिंत धरून दाराशी गेली.

“अप्पा, अर्थशास्त्र गेलं. बाकी सगळं पास.”

लगेच रावांचा आवाज, घाईघाईचा, “अय्यो, छे छे! ती पेटी चुकली असेल. फॉरिनची ती, तिला आपले मार्क काय कळतात? थांब, मी बघतों…”

वा रे वा! म्हणजे चूक माझी!

“पेटी चुकत नाही, अप्पा. साखर काढा.”

“साखर? नापास झालीस म्हणून?”

“माझी बातमी आज मी सांगितली म्हणून. तोंड उघडा.”

दार उघडं होतं, मी सगळं ऐकलं. म्हातारा साखर खाता खाता हुंदके देत होता आणि लेक त्याची पाठ चोळत होती. विनुताही नाक ओढत होती.

पुढे हरिणीनं अर्थशास्त्र सोडवलं, पहिल्या फटक्यात. विनुताच्या संशोधनातच तिला काम मिळालं, लोकांची पानं तपासायचं. मग कॉम्प्युटर आतूनच बोलायला लागले, माझ्याहून चटचटीत. हरिणी त्यांच्याकडे गेली. जाऊ दे, मी का तिच्या पायात बेडी घालू? कपाटात धूळ खात पडले. वर्षातून एकदा, सरस्वतीपूजेला, ती मला बाहेर काढायची, कुंकू लावायची, पुस्तकांशेजारी मांडायची. तेवढ्यावर माझं वर्ष जाई.

पण यंदा मला पूजेनंतर कपाटात ठेवलं नाही. सीतारामरावांच्या डोळ्यांत काचबिंदू झालाय, पडदाच काय, हातावरची रेषही दिसत नाही. नवी यंत्रं त्यांना झेपत नाहीत, फार घाईनं बोलतात म्हणे. मी सावकाश बोलते. म्हणून आता मी त्यांच्या टेबलावर असते. ज्यांनी मला चुकली म्हणून नावं ठेवली, त्यांचीच मी नोकरी करते आणि माझी काही तक्रार नाही.

आज सकाळचीच गोष्ट. राव वर्तमानपत्राचं पान लावून बसले आणि माझ्या तोंडून निघालं, इमेज, इमेज, इमेज. त्यांनी हाक मारली, “हरिणी, इथे काय आहे गे? मज सांग.”

हरिणी त्यांच्या शेजारी येऊन बसली. दोघांनाही ते पान दिसत नव्हतं. आतल्या खोलीत तिची आई होती, डोळस. हाक मारली असती तर येऊन क्षणात वाचून दिलं असतं. हरिणीनं हाक मारली नाही.

“मी सांगणार नाही, अप्पा,” ती म्हणाली. “ज्यांनी पान केलंय त्यांना कळवूया. तुम्ही सांगा, मी टाइप करते.”

रावांनी घसा खाकरला, ताठ बसले आणि एकेक शब्द सांगू लागले. इंग्रजी अक्षरांत टाइप झालेला प्रत्येक शब्द मी त्यांना परत ऐकवत होते. तुमच्यापैकी कुणी पानं बनवत असाल तर तो मजकूर तुमच्यासाठीच आहे, म्हणून जसाच्या तसा सांगते. पेटी काही वाढवत नाही, काही गाळत नाही.

‘महाराज, तुमच्या पानाच्या दाराशी मी बसलो आहे. आत काय आहे ते कुणी कानात सांगायला नको. मज माझं मी वाचायचं आहे. सीतारामराव, तंजावूर.’