न कापलेली पानं

"दादा, समुद्रात मगर असती का? भूगोल शिकवता न तुमी!"

गोविंदराव वाचता वाचता थांबले. कडब्याच्या झोपडीत दहा वर्षांची हेमा कुशीवर पडली होती. जांघेत गाठ आली होती, म्हणून पाय पोटाशी घेतलेला. डोळे तापाने लाल झाले होते, पण नजर पुस्तकावरून हलत नव्हती.

"असती एखादी. चुकून आलेली," गोविंदराव म्हणाले.

"अन् पान तर उलटलंच न्हाई तुमी. पुढची पानं कापलीच न्हाईत, मग वाचायलाव कुठून? बनवून सांगायलाव."

पायाशी बसलेली धाकटी लीला बापाकडे बघतच राहिली. गोविंदरावांनी मान खाली घातली.

सेलूत कापसाच्या जिनिंगच्या बाजूला उंदीर मरून पडू लागले, त्याला तीन आठवडे झाले होते. गाव रिकामं झालं होतं. रुळांच्या पलीकडे रानात लोकांनी झोपड्या घातल्या होत्या. गोविंदराव मास्तर होते. निजामाच्या सरकारी मदरशात दिवसभर उर्दूतून भूगोल शिकवायचे आणि दिवेलागणीला घरी मराठी कादंबरी वाचायचे. हरवलेल्या खलाशी बापाला शोधायला एकटीच गलबतावर चढणाऱ्या मुलीची ती गोष्ट त्यांच्या वडिलांनी त्यांना वाचून दाखवली होती. त्या जुन्या प्रतीचा शेवट वाळवीने खाल्ला होता. बाप भेटला की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. या हिवाळ्यात पुण्याहून टपालाने नवी प्रत आली. तिची पानं घडीवर जुळलेलीच होती. ती कापायचं काम हेमाने आपल्याकडे घेतलं. बोरू तासायच्या कलमतराशने ती रोज एका प्रकरणाची पानं कापायची आणि पुस्तक बापाच्या हाती द्यायची. रोज एकच प्रकरण. पुढे डोकावायचं नाही.

रानात आल्यावरही हे चुकलं नाही. एखाद्या झोपडीतून रडणं ऐकू आलं की गोविंदराव आवाज चढवायचे, बायको नर्मदाबाई डाळ निवडत सरकून जवळ बसायच्या, आणि तेवढा वेळ चौघंही गलबतावर असायची.

मग हेमाला ताप भरला. शेजारच्या झोपडीतल्या धुरपताबाईंनी सांगितलं, "उशाखाली लोखंड ठिवा." नर्मदाबाईंनी कलमतराश ठेवलं आणि बजावलं, "आता हे कुणी हलवायचं न्हाई."

तेव्हा शेवटचंच प्रकरण उरलं होतं. पानं विळीनेही कापता आली असती, पण गोविंदरावांनी विळी मागितली नाही. हेमा सकाळी डोळे उघडून पहिलं विचारायची, "आज काय होईल?" प्रकरण संपलं तर ती काय विचारणार? म्हणून तीन दिवस ते मिटलेल्या पानांवर बोट ठेवून मनचंच वाचत होते. वादळ झालं, चाचे झाले, आज मगर आली.

"खरं वाचा न, दादा."

"उद्या वाचू, बाळा. घाई कशाला?"

वर्गातल्या मुलांना ते नेहमी हेच सांगायचे.

"उद्या मी ऐकंन का?" हेमा म्हणाली.

हेमाने उशाखाली हात घालून कलमतराश बाहेर काढलं. नर्मदाबाईंनी झडप घालून तिचं मनगट धरलं.

"ठिव ते! लोखंड हाय म्हणून तर तू..."

"आई, तुला बी ऐकायचंय की. बाप भेटतो का तिला?"

मनगट चटका बसावा इतकं तापलं होतं. नर्मदाबाईंनी ते थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. मग लेकीच्या मुठीतून कलमतराश काढून घेतलं आणि नवऱ्यापुढे हात केला.

"आणा इकडं."

त्यांना वाचता येत नव्हतं. पुस्तक त्यांनी आजवर कधी हातात धरलं नव्हतं. मांडीवर ठेवून त्यांनी घडीत पातं घातलं. काप कधी आत जाई, कधी बाहेर. एका ठिकाणी ओळीतला शब्दच अर्धा गेला. शेवटच्या पानापर्यंत त्यांनी सगळं कापलं आणि पुस्तक परत दिलं.

"वाचा."

बाहेर दुपारचं ऊन होतं. गोविंदराव वाचत गेले. आवाज फुटला तेव्हा लीलाने पाण्याचा गडू पुढे केला. मुलगी परक्या बंदरावर उतरली. जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्याने मान वर केली.

"भेटला न, आई?"

"भेटला, बाई."

हेमाने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाली, "मगरीचं बी बरं होतं, दादा."

दुसऱ्या दिवशी दिवे लागले तेव्हा ती नव्हती.

बारा वर्षांनंतर, शाळा सुटल्यावर मागे थांबलेल्या मुलांना गोविंदराव तीच कादंबरी वाचून दाखवत होते. शेवटचं प्रकरण आलं. पुढे बसलेल्या एका मुलीने मान लांब केली.

"मास्तर, ही पानं उंदरानं खाल्ली का?"

गोविंदरावांनी वेड्यावाकड्या कडेवरून अंगठा फिरवला.

"न्हाई गं," ते म्हणाले. "घाई होती."

आणि अर्धा शब्द आणखी फाटू नये म्हणून त्यांनी ते पान दोन्ही हातांनी उलटलं.